जीपीएस गेलं म्हणून ड्रोन पडत नाही

कर्जत-खालापूरच्या डोंगरात ड्रोन उडवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘कड्याआड जीपीएस गेलं, की ड्रोन खाली आलाच समजा. थवा तर विसराच!’ हे आता पुरे झालं.

तोल सांभाळणं हे जीपीएसचं कामच नाही. ते जायरोस्कोप आणि प्रवेगमापकाचं. उंची हवेच्या दाबावरून कळते. ढाकच्या कड्याखाली आकाशाचा मोठा भाग झाकला जातो आणि उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. त्यामुळे चुकते ती जागा. साधा ड्रोन तेव्हा पडत नाही, वाऱ्याबरोबर वाहवत जातो. धोका आहेच, पण वेगळा.

थव्याला तर आणखी एक सोय असते. ड्रोन एकमेकांना रेडिओ संदेश पाठवतात आणि तो जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. एका नॅनोसेकंदात रेडिओ लहर सुमारे ३० सेंटीमीटर जाते, म्हणून घड्याळ तितकंच काटेकोर लागतं. जोडीला कॅमेरा असतोच. ही कल्पनेची भरारी नव्हे. चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी तळहाताएवढे १० ड्रोन उपग्रहांच्या मदतीविना बांबूच्या दाट बनातून उडवले. मे २०२२च्या ‘सायन्स रोबोटिक्स’मध्ये ते छापून आलं आहे.

पण म्हणून दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तीन ड्रोनमधली अंतरं ४०, ६० आणि ७० मीटर आहेत एवढं कळलं, तर त्रिकोणाचा आकार पक्का होतो. त्याचं तोंड कुठे आहे आणि तो उल्हास खोऱ्यात नेमका कुठे आहे, हे अंतरांवरून कळत नाही. त्यासाठी एखाद्या ड्रोनला मोकळ्या आकाशात राहून स्वतःची जागा इतरांना कळवावी लागते, किंवा ओळखीची खूण शोधावी लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘ढगांनी जीपीएस अडतं.’ नाही. पाऊस-वारा ड्रोनला अडवतो. १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा हेलिकॉप्टरही हवामानामुळेच पोहोचू शकली नाहीत.

‘मोबाइलला रेंज हवी.’ नको. जीपीएस फक्त ऐकतं. रेंज लागते ती नकाशा उतरवायला.

‘नाविक वापरलं की प्रश्न मिटला.’ नाविक ही भारताची दिशादर्शन यंत्रणा, पण तिचेही उपग्रहच. कडा त्यांनाही झाकतो.

‘रोषणाईचे ड्रोन एकमेकांना बघून उडतात.’ सहसा नाही. प्रत्येकाचा मार्ग आधीच ठरलेला असतो, आणि तो उपग्रहांवरच विसंबतो.

तेव्हा ‘आमचा थवा जीपीएसविना चालतो’ असं कुणी सांगितलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा : दहा मिनिटांनी चूक किती मीटरची होते? आणि दरीत माणूस दिसला, तर त्याची जागा बचाव पथकाला नकाशावर कशी दाखवणार?