आमवात आणि कोमट पाणी : नुसतं बसायचं नाही, हलायचं!

सकाळी उठल्यावर गॅसचं बटण फिरवता येत नाही, दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, साडीच्या निऱ्या हातातून सुटतात. तासाभराने बोटं सैल होतात आणि बाई कामाला लागते. तोवर घरात कुणीतरी म्हणून गेलेलं असतं, ‘‘हल्ली हिला उठायलाच नको!’’

मैत्रिणींनो, हा आळस नव्हे. दोन्ही हातांच्या बोटांचे, मनगटांचे सांधे सुजत असतील, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर तो आमवात असू शकतो. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयोमानाने गुडघे झिजतात ते दुखणं वेगळं. आमवातात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांच्या मानाने बायकांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि ऐन संसाराच्या वयातही होतो.

कुंडात बसून काय होतं?

सांधे धरले की कुणीतरी हमखास सांगतं, ‘‘वज्रेश्वरीला जाऊन या, कुंडात बसा.’’ कोकणातल्या बायकांना उन्हवऱ्याची नाहीतर राजापूरजवळच्या उन्हाळ्याची आठवण होते. हा विश्वास फक्त आपलाच नाही. इंग्लंडातल्या बाथ गावी सुमारे ४६ अंश सेल्सिअसचे गरम झरे आहेत. तिथे १७४२ साली सुरू झालेलं इस्पितळ पुढे सांधेदुखीच्या उपचारांसाठीच नावाजलं.

पण गुण पाण्याचा की पाण्यातल्या हालचालीचा? हे पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये आमवाताच्या १३९ रुग्णांचे चार गट केले गेले. एक गट कोमट पाण्यात व्यायाम करी, दुसरा पाण्यात नुसता बसे, तिसरा जमिनीवर व्यायाम करी आणि चौथा अंग सैल सोडण्याचा सराव करी. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे चार आठवडे. १९९६ साली निष्कर्ष छापून आले. थोडाफार फायदा सगळ्यांनाच झाला. पण सांधे दाबल्यावर होणारं दुखणं सर्वांत जास्त कमी झालं ते पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचं, आणि त्यांतल्या बायकांचे गुडघेही अधिक वाकू लागले. म्हणजे नुसतं बसून राहणं पुरत नाही.

याचं कारण सोपं आहे. विहिरीत बुडालेली घागर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते, तसंच आपल्या शरीराचं. कमरेइतक्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वजन पाणी तोलतं. छातीपर्यंत पाणी असेल तर ६० किलोच्या बाईच्या पायांवर २० किलोंहूनही कमी भार येतो. ऊब स्नायू सैल करते. शिवाय पाणी हलक्या हाताने अडवतं, त्यामुळे स्नायूंना बळही येतं.

हौदात उतरताना

मोठ्या शहरांतल्या काही इस्पितळांत यासाठी खास हौद असतो. त्याचं पाणी साधारण ३३ ते ३६ अंश ठेवतात. नेहमीचा पोहण्याचा तलाव याहून थंड असतो आणि कित्येकींचे सांधे त्यात आणखी आखडतात. पोहता येण्याची गरज नाही. कठड्याला धरून चालायचं, गुडघा वर घ्यायचा, हात पाण्याखाली ठेवून बाजूला न्यायचे. हे सगळं फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा. मान दुखत असेल तर आधी सांगा, कारण या आजारात मानेचे मणकेही कमकुवत होऊ शकतात. पोशाखाचा संकोच वाटत असेल तर बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, हे विचारायला लाजू नका.

घरच्या घरी

हौद नसला तरी पसरट घमेलं तर आहे! कोपर बुडवून पाहा. सुखद कोमट लागेल इतकंच पाणी घ्या. मनगटांच्या वरपर्यंत हात बुडवा आणि दहा मिनिटं सावकाश हे करा :

• मूठ अलगद मिटा, मग बोटं पूर्ण पसरा.
• अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा.
• मनगट वर-खाली करा, मग हळू गोल फिरवा.

फडकं पिळायचा व्यायाम मात्र नको. पिळण्याने बोटांच्या सांध्यांवर ताण येतो. व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

हे विसरू नका

ताप, उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असताना हौदात उतरू नये. हृदयविकार, न आटोपलेला रक्तदाब किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. सांधा लाल, गरम आणि टम्म सुजलेला असेल तेव्हा शेक आणि व्यायाम दोन्हींबद्दल आधी विचारा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पाण्याची ऊब दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. गरम झऱ्यांवर तर फारच सांभाळा. काही कुंडांतलं पाणी भाजण्याइतकं कढत असतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पाण्याने हा आजार बरा होत नाही. दुखणं हलकं होतं, सांधे हलते राहतात, जीवाला हुरूप येतो. सांध्यांची आतली हानी रोखतात ती औषधं, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. ‘‘कुंडावर जाऊन बरं वाटलं’’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नव्हे. तो वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण हे औषध गरोदरपणात चालत नाही.

घरच्यांनाही हा लेख जरूर वाचायला द्या. सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणी टाकला आणि ती दहा मिनिटं तुम्हाला त्या घमेल्यापाशी मिळाली, तर पुढचा सगळा दिवस सोपा जाईल.