जव्हारचं घड्याळ पुढे, डहाणूचं मागे

हेडफोन विसरलेल्यांसाठी हा एपिसोड लेखी.

यंदा बोहाडा बघायला मी जव्हारहून बाइकने मोखाड्याला निघालो. घाटात रेंज गेली, पण आधी डाउनलोड केलेल्या नकाशावरचा निळा ठिपका मात्र वळणावळणाने माझ्यासोबत सरकत होता. कारण जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही. २०,००० किलोमीटरवरचे उपग्रह रेडिओ लहरी पाठवतात, फोन फक्त ऐकतो आणि सिग्नलला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. रेडिओ लहर म्हणजे प्रकाशच, डोळ्यांना न दिसणारा. आणि हा प्रकाश वरून खाली पडतोय.

घाटातून दगड सोडला तर त्याचा वेग वाढतो. प्रकाशाचा नाही वाढत. वर मोजा, खाली मोजा, तुमच्या जागेवर तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरच भरणार. (लांबून हिशोब केला तर सूर्याजवळून जाणारा सिग्नल थोडा उशिरा पोचतो, पण तो वेगळा एपिसोड.) वाढते ती वारंवारता. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, म्हणून तरंगलांबी तेवढीच आखडते. वर जाणाऱ्या प्रकाशाचं उलटं. १९६० मध्ये पाउंड आणि रेबका यांनी हार्वर्डमध्ये अवघ्या साडेबावीस मीटर उंचीवर हे मोजून दाखवलं. फरक किती? ४०० लाख कोटींत एक!

कॉलेजात मी एवढंच पाठ केलं होतं, आणि कळलं काहीच नव्हतं. कळलं ते संबळ ऐकताना. वाजवणाऱ्याने शंभर ठोके मारले, तर लांब उभ्या माणसालाही शंभरच ऐकू येतात. मधल्या हवेत नवे ठोके तयार होत नाहीत. लहरींचंही तसंच. उपग्रहाने पाठवल्या तेवढ्याच खाली येतात. तरीही खाली दर सेकंदाला जास्त मोजल्या जातात, म्हणजे खालचा सेकंदच लांब आहे! वाटेत लहरीला कोणी ताणत नाही की दाबत नाही. दोन्हीकडची घड्याळंच वेगळी चालतात.

उपग्रहाचं घड्याळ उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरले ३८. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. पाड्यावर गाडी बोलावताना ड्रायव्हरला आपण हाच ठिपका पाठवतो ना? रोज एवढी चूक साठत गेली तर गाडी भलत्याच दरीत. म्हणून घड्याळ जमिनीवर असतानाच मुद्दाम मंद लावतात, १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. प्रॉडक्शनला जायच्या आधीच बग फिक्स! आपल्या ‘नाविक’चे उपग्रह तर आणखी वर, ३६,००० किलोमीटरच्या आसपास. हिशोब त्यांनाही चुकत नाही.

आणि उपग्रहच कशाला? जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. गणित करून बघितलं, डहाणूच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा इथलं घड्याळ दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंद पुढे जातं. साठ वर्षं जव्हारला काढलीत, तर डहाणूच्या तुमच्या जुळ्या भावापेक्षा तुम्ही ९० मायक्रोसेकंदांनी म्हातारे.