तासाभराचे एक गाणे

ख्यालाच्या बैठकीत एकच राग तासभर चालला तर आपण माना डोलावतो. मग अमेरिकेतल्या त्या तीन पोरांचे काय चुकले, असे मला राहून राहून वाटते.

'स्लीप' हा कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरचा ताफा. अल सिस्नेरोस बास वाजवीत गाई, मॅट पाइक गिटारवर आणि ख्रिस हॅकियस ड्रमवर. संगीत 'डूम मेटल'. म्हणजे गिटारीचा खर्ज घनघोर नि लय अगदी विलंबित! 'लंडन रेकॉर्ड्स' ही बडी कंपनी लाभली, आणि या पठ्ठ्यांनी तिच्यासाठी एकच गाणे मुद्रित केले, तब्बल तासाभराचे. विषय काय, तर गांजा ओढीत वाळवंटातून चाललेला काफिला. (मुलांना अर्थ सांगू नये हे बरे.) कंपनी ते बाजारात आणीना. त्या ओढाताणीत ताफाच मोडला.

गाणे मात्र उरले. १९९९ साली ते 'जेरुसलेम' म्हणून ५२ मिनिटांचे निघाले, २००३ साली 'डोपस्मोकर' या नावाने ६३ मिनिटांचे. मी ते एका दमात ऐकले, मध्ये उठवेना. ऐकणारे वाढत गेले आणि २००९ साली इंग्लंडात तिघे पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. हॅकियस लवकरच बाहेर पडला. नवा ड्रमवाला घेऊन २०१८ साली नवी तबकडी आली, 'द सायन्सेस'. तिच्यातही घाई कुठेच नाही.