विश्लेषण : आनंदचा ‘तो’ २३ चालींचा डाव आणि १०६ वर्षांपूर्वीची सावली

संगणक कोणतीही चाल काही सेकंदांत तपासून देत असताना शंभर वर्षांपूर्वीचे जुने डाव आता कोण कशाला अभ्यासेल? या प्रश्नाचे एक उत्तर १५ जानेवारी २०१३ रोजी नेदरलँड्समधील विक आन झी या किनारी गावात मिळाले. टाटा स्टील स्पर्धेत काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या विश्वनाथन आनंदने लेव्हॉन अरोनियनला अवघ्या २३ चालींत हरवले.

हा विजय का महत्त्वाचा होता?

आनंद तेव्हा ४३ वर्षांचा होता. जगज्जेतेपद त्याच्याकडेच होते, पण कौतुक फारसे उरले नव्हते. मे २०१२ मध्ये मॉस्को येथे बोरिस गेलफंडविरुद्धच्या १२ पैकी १० डावांत बरोबरी झाली आणि निकाल जलद डावांत लागला. लढत कंटाळवाणी झाली, आनंदची धार गेली, अशी टीका झाली. गंमत म्हणजे, अरोनियनविरुद्ध वापरलेली सुरुवात ही त्याच लढतीसाठी केलेली तयारी होती. तिथे न चाललेले अस्त्र आठ महिन्यांनी बाहेर आले.

पटावर नेमके काय घडले?

अरोनियनने १३व्या चालीला घोड्याने आनंदच्या राजासमोरचे प्यादे खाल्ले. आनंदने त्या घोड्याकडे दुर्लक्ष करून स्वतःचा घोडा पुढे घातला. पंधराव्या चालीत त्याने उंट थेट प्याद्याच्या तोंडी दिला, तर सोळाव्यात दुसरा घोडाही. तो घोडा प्याद्याने मारला असता, तर आनंदचा वजीर शह देत पटाच्या मध्यभागी येणार होता. त्यानंतर राजा कोपऱ्यात सरकला, की वजिराचे बलिदान आणि घोड्याने मात! अरोनियनने तो मोह टाळला. पुढे त्याने हत्ती मिळवला, तेव्हा आनंदने तो परत घेण्याची घाई न करता शांतपणे एक प्यादे पुढे सरकवले. आक्रमण ऐन भरात असताना अशी चाल सुचणे कठीण.

शेवटची चाल तर जपून ठेवावी अशी. पांढरा वजीर तिसऱ्या ओळीतून राजासमोरच्या प्याद्याचे रक्षण करत होता. आनंदने आपला उंट त्याच ओळीत, वजिराला अगदी खेटून ठेवला. उंट उंटाने मारावा, तर स्वतःचाच उंट वजिराच्या वाटेत येणार आणि पुढे मात. वजिराने मारावा, तर वजीर जाणार. अरोनियनने डाव सोडला.

रुबिनस्टाइनचे नाव लगेच का निघाले?

कारण चित्र ओळखीचे होते. १९०७ मध्ये लोड्झ या आज पोलंडमध्ये असलेल्या शहरात अकिबा रुबिनस्टाइनने रोटलेवीला २५ चालींत हरवले होते. तोही काळ्या मोहऱ्यांनीच. शेजारशेजारच्या तिरक्या रेषांवर दोन उंट, दोघांचाही रोख कोपऱ्यातल्या राजावर, सोबतीला पुढे घुसलेला घोडा. रुबिनस्टाइनने तर वजीर मरू दिला आणि हत्ती-उंटांनी राजाला घेरले.

अशा डावांचे खरे मोल इथे कळते. चाली जशाच्या तशा पुन्हा येत नाहीत, मोहऱ्यांची मांडणी मात्र येते. ती ओळखीची असली, की बलिदान करताना हात थरथरत नाही. संगणक चाल बरोबर की चूक ते सांगतो, पण पटासमोर घड्याळ चालू असताना ती शोधावी लागते खेळाडूलाच.

रुबिनस्टाइनला जगज्जेतेपदासाठी खेळायला कधीच मिळाले नाही. इमॅन्युएल लास्करशी ठरलेली लढत १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्याने बारगळली. विक आन झीची ती स्पर्धा १३ पैकी १० गुण मिळवून मॅग्नस कार्लसनने जिंकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेन्नईत आनंदचा मुकुटही त्यानेच घेतला.