कंडेन्सर मायक्रोफोन : व्हॉल्व्हचा आणि ट्रान्झिस्टरचा

ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या कंपनांत रूपांतर करणाऱ्या उपकरणास मायक्रोफोन म्हणतात, हे आमच्या विद्यार्थी वाचकांस ठाऊक आहेच. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर जो दणकट मायक्रोफोन असतो, त्यात बहुधा पडद्यास जोडलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाच्या क्षेत्रात हालत असते. ध्वनिमुद्रणाच्या दालनात मात्र निराळ्याच जातीचा मायक्रोफोन आढळतो. तोच आमचा आजचा विषय होय.

अमेरिकेतील ई. सी. वेंट ह्यांनी १९१६ च्या सुमारास ह्या कंडेन्सर मायक्रोफोनची रचना सिद्ध केली. हल्लीच्या नमुन्यांत केसाहून कितीतरी पातळ, सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा धातूच्या तबकडीसमोर ताणून बसविलेला असतो. दोहोंमध्ये हवेचा अगदी अरुंद थर. ह्या जोडीवर विद्युद्भार साठविला, की पडदा जवळ येताच तिची धारकता वाढते व दूर जाताच घटते; भार मात्र तेवढाच राहिल्यामुळे दोहोंमधील विद्युद्दाब ध्वनीबरोबर कमीजास्त होतो. पडद्यास वेटोळ्याचे ओझे वाहावयाचे नसल्यामुळे सतारीवरील नखीचा आघात किंवा 'स'काराची सळसळ तो सहज टिपतो.

परंतु येथेच खरी अडचण आहे. ही धारकता केवळ काही दशक पिकोफॅरड, आणि साध्या केबलचीच दर मीटरास शंभर पिकोफॅरडच्या आसपास! पडद्याची जोडी थेट दहा मीटर केबलला जोडली, तर बहुतेक सारा आवाज केबलच गिळून टाकील. मंद स्वराच्या राजाचे शब्द शेजारी उभ्या असलेल्या भालदाराने दरबारास ऐकवावेत, तशी येथे योजना करावी लागते. पडद्यापासून जवळजवळ काहीच प्रवाह न घेणारा, पण केबलला पुरेसा जोर देणारा हा भालदार मायक्रोफोनच्या पोटातच बसवितात.

आरंभी हे काम व्हॉल्व्हकडे होते. बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा १९४९ चा प्रसिद्ध यू ४७ हा व्हीएफ १४ नामक व्हॉल्व्हभोवती रचलेला होता. व्हॉल्व्हची तार तापवावी लागे. त्याकरिता निराळी वीजपेटी आणि अनेक तारांची जाड केबल लागे. पुढे तो व्हॉल्व्हच बनावयाचा थांबला, आणि यू ४७ चेही उत्पादन संपले.

ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये निघाला खरा, पण साधा ट्रान्झिस्टर समोरून प्रवाह मागतो, म्हणून तो ह्या कामी येईना. ती उणीव 'फील्ड इफेक्ट' जातीच्या ट्रान्झिस्टरने भरून काढली. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीकरिता असे मायक्रोफोन बनविले. तेथे आणीबाणीच्या दिव्यांकरिता ४८ व्होल्टची वीज होतीच. तीच आवाजाच्या तारांतून मायक्रोफोनपर्यंत नेली. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. १९६७ च्या यू ८७ चा सुधारलेला अवतार आजही बनतो.

गाणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, की अधिक दाम मोजून व्हॉल्व्हचाच घ्यावा काय? व्हॉल्व्हचा आवाज 'उबदार' असतो, अशी ख्याती आहे. जोर फार झाला म्हणजे व्हॉल्व्ह हळूहळू विकृत होतो, हे खरे. पण सौम्य गायनात तो प्रसंग क्वचितच येतो. आमच्या मते पडद्याची घडण, खोलीचा घुमारा आणि गायकापासूनचे अंतर ह्यांचा परिणाम भालदाराच्या जातीहून फार मोठा आहे. कर्ज काढून व्हॉल्व्ह घेण्यापेक्षा साधा ट्रान्झिस्टरचा घेऊन उरलेल्या पैशांत भिंतींना जाड पडदे लावावेत. व्हॉल्व्हची वीजपेटी मुलांनी उघडू नये; तिच्यातील दाब शंभर व्होल्टहून अधिक असू शकतो.

कोकणासारख्या दमट प्रांती दोन्ही जातींना पावसाळा बाधतो. ओलाव्यामुळे भार गळू लागला, की मायक्रोफोन चरचरू लागतो. म्हणून काम संपताच तो सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि पुडी ओलसर झाली की बदलावी.