आत्मवृत्ताचें वाचन आणि वाद्यवृंद

फर्दापूरच्या तिठ्यावरून सुमारें ४ किलोमीटर आंत गेलें कीं अजिंठ्याचीं लेणीं लागतात. त्यांतील पहिल्या लेण्यांत महाजनक जातकाचें चित्र आहे. राज्य सोडून जाऊं पाहणाऱ्या राजासमोर नर्तकी नाचत आहे आणि तिच्याभोंवतीं स्त्रियांचा मेळा बासरी, झांजा व मृदंग वाजवीत आहे. जातक म्हणजे बुद्धानें सांगितलेली स्वतःच्या पूर्वजन्माची हकीगत. आत्मवृत्त आणि वाद्यमेळ अशा रीतीनें ह्या डोंगरांत एकाच भिंतीवर सुमारें पंधराशें वर्षें नांदत आहेत. म्हणून लेखकानें सायंकाळच्या सभेंत आपल्या आठवणी वाचाव्या व वाद्यवृंदानें त्यांस साथ करावी, ह्या कार्यक्रमाचें येथील श्रोत्यांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. वाचणारा लेखक समलिंगी असला म्हणजे मात्र अशा सभेस निराळेंच महत्त्व येतें.

वाचनाची साथ ही गाण्याच्या साथीहून वेगळी आहे. गायकाचा स्वर व लय वादकांस ठाऊक असते. वाचणारा मात्र मध्येंच थांबतो, श्वास घेतो, एखाद्या वाक्यापाशीं त्याचा कंठही दाटून येतो. म्हणून संगीतकार मुख्यतः दोन मार्ग धरतात. एक म्हणजे वाचन थांबलें कीं वाद्यें वाजवावयाचीं. दुसरा म्हणजे वाक्यांच्या खालीं मंद, लांबविलेले स्वर धरून ठेवावयाचे. अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंड ह्यांच्या १९४२ सालच्या ‘लिंकन पोर्ट्रेट’ ह्या कृतींत दोन्ही मार्ग दिसतात. प्रथम बराच वेळ वाद्यवृंदच वाजतो. पुढें निवेदक लिंकनचीं वचनें बोलूं लागतो, तेव्हां वाद्यें त्याला वाट करून देतात. आपले हरिदासही हेंच करीत आले आहेत. आख्यानाच्या ऐन प्रसंगीं मृदंग व झांज थांबतात, नुसता शब्द ऐकूं येतो, आणि तो श्रोत्यांच्या मनांत उतरला म्हणजे पुन्हां चाल उचलली जाते.

समलिंगी लेखकाच्या आत्मवृत्तांत शब्दाइतकेंच मौनही असतें. ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) ह्या इंग्रज कादंबरीकारांचें उदाहरण महाराष्ट्रास जवळचें आहे. ज्यांच्यावर त्यांचें प्रेम होतें, परंतु ज्यांच्याकडून तशाच प्रेमाची परतफेड झाली नाहीं, त्या सय्यद रॉस मसूद ह्यांच्या ओढीनें ते १९१२ सालीं हिंदुस्थानांत आले. १९१३ सालीं त्यांनीं औरंगाबाद, दौलताबाद व वेरूळ हीं स्थळें पाहिलीं. पुढें १९२१ सालीं देवास थोरल्या पातीचे मराठे महाराज तिसरे तुकोजीराव पवार ह्यांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनीं कांहीं महिने काम केलें. तेथें पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) ह्या कादंबरीच्या तिसऱ्या भागांत उतरला आहे. भजनी मंडळी तुकारामाचें नांव घेऊन गात आहेत आणि त्याच गर्दींत विलायती थाटाचा बँड वॉल्ट्झ वाजवीत आहे, असें तें दृश्य आहे.

देवासच्या आठवणी व पत्रें त्यांनीं ‘द हिल ऑफ देवी’ ह्या पुस्तकांत १९५३ सालीं प्रसिद्ध केलीं. एक भाग मात्र गाळला. राजवाड्यांतील एका तरुण नोकराशीं आलेल्या संबंधाची ती हकीगत १९८३ सालीं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनीं, छापली गेली. तींत लेखकाचें एकटेपण आहे, तसाच त्याच्या हातून घडलेला निष्ठुरपणाही आहे. कारण साहेब आणि नोकर ह्यांच्यांत बरोबरी नव्हती. १९१३–१४ सालीं लिहिलेली ‘मॉरिस’ ही कादंबरीही १९७१ पर्यंत अप्रकाशित राहिली. पुरुषांपुरुषांतील संबंध हा इंग्लंडांत १९६७ पर्यंत सर्वस्वीं गुन्हा होता.

ह्या लेखकास बोलावयास जागा नव्हती असें नाहीं. १९२० सालीं लंडनमध्यें निघालेल्या ‘मेमॉयर क्लब’चे ते सभासद होते; तेथें स्नेही मंडळी एकमेकांस आपल्या आठवणी वाचून दाखवीत. परंतु ती बैठक दाराआडची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं बीबीसीवरून हिंदुस्थानांतील श्रोत्यांसाठीं भाषणें केलीं. तीं बहुशः पुस्तकांविषयीं. वाद्यवृंदाचाही योग आला. १९५१ सालीं बेंजामिन ब्रिटन ह्या समलिंगी संगीतकारानें ‘बिली बड’ हें संगीतनाट्य रचलें; त्याची संहिता फॉर्स्टर व एरिक क्रोझियर ह्यांची होती. पण कथा मेलव्हिलची. ध्वनिक्षेपक, वाद्यवृंद, सभागृह हें सर्व मिळूनही स्वतःची गोष्ट उघड वाचण्याचा प्रसंग त्या लेखकास लाभला नाहीं.

भारतांत ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढ व्यक्तींचा परस्परसंमतीनें झालेला समलिंगी संबंध गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. त्याच्या कितीतरी आधीं, २००२ सालीं, पुण्यांत समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे ह्यांनीं ह्या विषयावर मराठींत लिहावयास आरंभ केला होता. तथापि कायद्याची भीति गेली म्हणून घरची, शेजारची व गांवची भीति त्याच दिवशीं जात नाहीं. ती शेजाऱ्यांच्या देखत बसून ऐकण्यानें जाते, आणि जाहीर वाचनाचें मोल येथेंच आहे.

फर्दापुरासारख्या गांवीं मोठा वाद्यवृंद नसला तरी अडत नाहीं. पेटी, व्हायोलिन, बासरी व मृदंग एवढ्यावर काम भागतें. वाचणाऱ्यानें प्रथम बालपणाचीं पानें घ्यावीं, मग मैत्रीचीं, आणि श्रोते स्थिर झाल्यावर प्रेमाचीं. आपल्या हातून दुसऱ्यास झालेला त्रासही त्यानें लपवूं नये. वादकांनीं प्रवासाचीं व उत्सवाचीं वर्णनें खुशाल रंगवावीं. परंतु जें पान पूर्वीच्या लेखकास हयातींत वाचतां आलें नाहीं, तसलें पान आलें म्हणजे हात आवरावे. तेवढा वेळ त्याचा एकट्याचाच आवाज श्रोत्यांच्या कानीं पडूं द्यावा.