गोधडी शिवण्यापूर्वी यंत्राचे माप

आईची पाच जुनी लुगडी कपाटात जपून ठेवली होती. सेवानिवृत्तीनंतर सौभाग्यवतींकडून शिवण शिकलो आणि त्या लुगड्यांची गोधडी यंत्रावर शिवण्याचे मनात घेतले. गोधडीला हाताचे सरळ धावदोरे घालण्याची आपली रीत. मला मात्र तीवर वेलबुट्टी हवी होती. त्यासाठी फ्री मोशन क्विल्टिंग ही पद्धत आहे. नेहमीच्या शिवणात सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात. येथे दाते खाली उतरवून कापड आपल्याच हातांनी फिरवावे लागते. याकरिता प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय, निराळा लागतो. मी तो वेष्टनावरील चित्र पाहून आणला आणि पहिल्याच फेऱ्यात सुई त्यावर आदळून मोडली. खाली जुनी चादर होती, लुगडे नव्हते, हे नशीब! उभ्या नोकरीत कागदपत्रे तपासल्याविना कर्ज मंजूर न करणाऱ्या माणसाने यंत्राचे माप न घेता खरेदी केली होती.

हे माप सोपे आहे. फूट ज्या दांड्याला बसतो त्यास शँक म्हणतात. फूट खाली सोडून, तो बसवण्याच्या स्क्रूपासून सुईखालच्या पत्र्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सुमारे पाऊण इंच भरल्यास लो शँक, सव्वा इंच भरल्यास हाय शँक. आपल्या घरांतील काळी पायडलची यंत्रे बहुधा लो शँक असतात. सिंगर 401 सारख्या जुन्या यंत्रांत सुई तिरपी असते. त्यांना स्लँट शँकचाच फूट चालतो. बर्निनाची जोडणी स्वतंत्र असल्याने तिला तिचेच फूट अथवा अडॅप्टर लागतो.

माप जुळल्यावर प्रकार निवडावा. स्प्रिंगच्या फुटाला एक आडवी काडी असते. ती सुई घट्ट करणाऱ्या स्क्रूच्या वर टेकली पाहिजे. सुई वर जाताना फूट उचलला जातो व कापड फिरवता येते. सुई खाली येताच तो कापड दाबून धरतो. जाड गोधडीस हा उत्तम. आखलेल्या रेषेवरून शिवताना पुढून उघडा फूट बरा, कारण रेषा दिसते. ठिगळांच्या कडा सुट्या असतील तर बंद गोल फूट घ्यावा. उघड्या फुटात त्या अडकतात. जाड पट्टीच्या आधाराने शिवायचे असल्यास जाड कडेचा रूलर फूटच हवा. पातळ फुटाखाली पट्टी शिरली की सुई मोडलीच.

शिवण्यापूर्वी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून सुई कोठे अडत नाही ना, हे पाहावे. दाते खाली जात नसतील तर त्यांवर झाकणपट्टी बसवावी. फूट कापडाला जेमतेम स्पर्श करतो, म्हणून तो खाली सोडण्याचे राहून जाते. मग वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली गुंता होतो. टाके सुटू लागले तर फूट फार वर आहे, कापड अडू लागले तर फार खाली, असे प्रथम समजावे.

मी तीन आठवडे चादरीच्या तुकड्यांवरच हात बसवला. त्यानंतरच पहिले लुगडे यंत्राखाली घेतले. चुकीचा फूट बदलून आणता येतो. आईचे लुगडे एकदा फाटले तर दुसरे कोठून आणणार?